जतकर बंदरावर

सांगली जिल्ह्यातल्या जतच्या माणसांना सहलीला नेणं सोपं नाही. देवदर्शन असेल तर गोष्ट वेगळी. गुड्डापूरच्या दानम्मापासून तुळजापूरच्या भवानीपर्यंत कुठंही म्हणा, गाडी भरायला वेळ लागत नाही. पण नुसतं 'बघायला' जायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "तिथं बघायचं काय?" उत्तरात चुकून पाणी हा शब्द आला तर लगेच दुसरा, "किती हाय?"

हा दुसरा प्रश्न बाहेरच्या माणसाला कळत नाही. पुण्याचा माणूस तलावावर गेला की डोंगराचं प्रतिबिंब बघतो आणि मोबाईल काढतो. आमचा माणूस आधी सांडवा कुठं आहे ते बघतो, मग काठावर किती मोटारी लागल्यात ते मोजतो. यात रसिकता नाही असं कुणी म्हणेल. पण वर्षाला जेमतेम पाचशे मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या, तोही सगळा पडेलच अशी खात्री नसलेल्या तालुक्यात रसिकतेला पाणी कुठून घालायचं? आमच्याकडे चहाच्या गाड्यावर क्रिकेटइतकीच टीएमसीची, म्हणजे धरणातल्या पाण्याच्या मापाची, चर्चा चालते. म्हैसाळच्या उपसा योजनेचा कितवा टप्पा चालू आहे, कुठल्या गेटवर कुणी रात्रीत फळी सरकवली, पंपांचं वीजबिल कुणी थकवलं, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. त्याच पोराला नववीचा गणिताचा पेपर कधी आहे ते ठाऊक नसतं.

तर अशा मंडळींना साताऱ्यात नोकरीला असलेल्या भाच्याने फोनवर सांगितलं, "मामा, या एकदा. बंदर दाखवतो."

"साताऱ्यात समुद्र कधी आला?"

"समुद्र नाही, तलाव. पण बंदर खरंखुरं. लाँचा लागतात, माणसं चढउतार करतात, मोटरसायकलीसुद्धा बोटीतनं जातात. बामणोली."

तात्यांनी फोन हातात घेतला आणि विचारलं, "किती हाय?"

"एकशे पाच टीएमसी."

पलीकडे भाचा आणि अलीकडे आम्ही, दोघेही थोडा वेळ गप्प. मग तात्या म्हणाले, "रविवारी निघू."

तात्यांची डाळिंबाची बाग आहे, म्हणजे होती, म्हणजे यंदा पाणी मिळालं तर परत असेल. बरोबर निवृत्त गणित शिक्षक गुरुजी, संखकडची आक्का, म्हणजे तात्यांच्या थोरल्या भगिनी, आणि दोन कॉलेजची पोरं. डब्यात शाळूच्या भाकऱ्या, शेंगाची चटणी, दही, आणि कुणाच्या तरी शेडवरचे दोन किलो बेदाणे. पाण्याचे दोन कॅनही घेतले. तलावाला निघालेली माणसं घरून पाणी नेतात हे भाच्याला विचित्र वाटलं. आम्हाला नाही वाटलं.

जतहून विटा, कराडमार्गे जायचं म्हणजे गुहागर-विजापूर हाच रस्ता. या रस्त्याची गंमत अशी की तो पश्चिमेला चिपळूणच्या खाली उतरतो, मधे कोयनेच्या खोऱ्याला खेटून येतो आणि पुढे थेट आमच्या दारावरून विजापूरला जातो. म्हणजे कोयनेकडून जतपर्यंत डांबर व्यवस्थित पोहोचलं आहे. पाण्याला तेवढा घाट लागतो.

साताऱ्याहून यवतेश्वराचा घाट चढलं की कासचं पठार. युनेस्कोने २०१२ साली पश्चिम घाटाला जागतिक वारसा केलं, त्यात हे आलं. सप्टेंबरात इथं फुलांचे गालिचे असतात म्हणतात. आम्ही मे महिन्यात गेलो. डोळा जाईल तिथवर करडा कातळ, वाळलेलं गवत आणि वारा. तात्या गाडीतून उतरले, कमरेवर हात ठेवून चहूकडे बघितलं.

"ह्याला वारसा म्हणत्यात?"

"हो की."

"मग आमच्या मुचंडीच्या माळानं काय पाप केलंय?"

कासचा तलाव मात्र त्यांनी आदराने बघितला. सातारा शहराला या तलावाचं पाणी जातं, आणि ते डोंगरावरून आपल्या उताराने जातं, हे कळल्यावर तात्या म्हणाले, "बिल किती येत असंल!" उताराला बिल येत नाही हे त्यांना गुरुजींनी दोनदा समजावून सांगितलं. पाणी खालून वर जाताना बघितलेल्या माणसाला ते वरून खाली फुकट जातं यावर विश्वास ठेवायला वेळ लागतो.

मग घाट उतरता उतरता समोर ते दिसलं. आक्काचं माहेर-सासर दोन्हीकडे कन्नड. इतका वेळ माळ ओढत बसलेली आक्का खिडकीतून अर्धी बाहेर आली आणि म्हणाली, "यप्पा! एष्टु नीरु!" म्हणजे, बापरे, किती पाणी! त्यानंतर बामणोलीपर्यंत ती दुसरं काही बोलली नाही.

बामणोलीला ऐतिहासिक बंदर म्हणावं का? इतिहास आहे, बंदरही आहे. फक्त दोघांची गाठ फार उशिरा पडली. हे सगळं जावळीचं खोरं. शिवाजी महाराजांनी १६५६ मध्ये चंद्रराव मोऱ्यांकडून घेतलं ते हेच, आणि पाण्यापलीकडे दाट जंगलात उभा आहे तो वासोटा. पण त्या काळी इथं होडी हाकायची म्हणजे कोयना नदीच्या पात्रापुरतीच. कोयनेचं धरण १९५६ ते १९६४ या काळात बांधलं गेलं, आणि पाणी खोऱ्यात चढत चढत मागे आलं. बामणोलीच्या खालचं जुनं गाव, शेतं, वाटा पाण्याखाली गेल्या. गाव वर सरकलं. पलीकडच्या वाड्यांना जायचा रस्ता तर बुडाला, पण पलीकडच्या वाड्या होत्या तिथंच राहिल्या. तेव्हा लाँच आली. हौस म्हणून नाही, रस्ता बुडाला म्हणून. तलावाचं शिवसागर हे नाव नंतरचं.

म्हणूनच या बंदराला धड धक्का नाही. असणार कसा? ऑक्टोबरात पाणी असतं तिथून ते मे अखेरीला कित्येक मीटर खाली गेलेलं असतं. जानेवारीत लाँच जिथं लागते तिथं मे महिन्यात गुरं चरत असतात. बंदर असं दर महिन्याला थोडं थोडं खाली उतरत जातं आणि त्याच्या मागोमाग चहावाला, भाडं घेणारा, काठावर उन्हाने पांढरी पडलेली रंगीत खुर्ची, सगळे उतरत जातात. आम्ही गेलो तेव्हा वरच्या रस्त्यापासून पाण्यापर्यंत तांबड्या मातीचा मोठा उतार उघडा पडला होता. चिखल वाळून त्याला भेगा पडलेल्या. तात्यांनी एक ढेकूळ उचललं, बोटांनी फोडलं, नाकाला लावलं आणि म्हणाले, "माती ब्येस हाय." तलावाकाठी येऊन मातीचं कौतुक करणारं पाहुणं त्या चहावाल्याने पहिल्यांदाच बघितलं असावं.

लाँचवर चढताना नारिंगी लाईफ जॅकेट मिळाली. ओलसर, आणि वासाला गेल्या कित्येक सहलींचा इतिहास सांगणारी. तात्यांच्या पोटावर बक्कल लागेना. लाँचवाल्या पोराने गुडघा लावून पट्टा ओढला तेव्हा लागलं, आणि त्यानंतर तात्या परत किनाऱ्याला लागेपर्यंत अर्ध्या श्वासात बोलले. आक्काने जॅकेट पदरावरून घालायचं की पदराखालून यावर थोडा विचार केला आणि शेवटी पदराखालून घातलं. बुडायची वेळ आली तरी पदर जागेवर पाहिजे.

आणि मग तो प्रसंग घडला. लाँचच्या तळाशी साचलेलं पाणी तो पोरगा कापलेल्या ऑइलच्या डब्याने भराभर उपसत होता आणि बाहेर फेकत होता. एक डबा, दोन डबे, चार डबे.

"अरं अरं अरं!" तात्या ओरडले.

पोरगा घाबरून थांबला. "काय झालं काका?"

"टाकतोस कशाला!"

त्याला कळेना. सभोवार पन्नास किलोमीटर लांबीचा तलाव, आणि हा गृहस्थ डबाभर पाण्यासाठी कासावीस झालेला. गुरुजींनी मधे पडून समजूत घातली. पोरगा उपसत राहिला, पण तात्यांकडे पाठ करून.

लाँच मधोमध आली तेव्हा इंजिनाच्या आवाजात गुरुजींनी हिशोब काढला. त्यांच्या खिशात पेन आणि कागद नेहमी असतो. एक टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट, म्हणजे साधारण २,८३१ कोटी लिटर. आपला टँकर १०,००० लिटरचा धरू. म्हणजे एका टीएमसीत २८ लाखांच्या वर टँकर. कोयनेची साठवण १०५.२५ टीएमसी. गुणाकार करून गुरुजींनी चष्मा पुसला.

"एकोणतीस कोटी ऐंशी लाख टँकर."

सगळे गप्प.

"दर मिनिटाला एक टँकर जतला सोडला, रात्रंदिवस, सुट्टी नाही, बंद नाही, तर पाचशे सहासष्ट वर्षं पुरंल."

"म्हणजे कधी सुरू करायला पाहिजे होतं?" कॉलेजच्या पोराने विचारलं.

"बहामनी काळात."

तात्या अर्ध्या श्वासात म्हणाले, "टँकर वाटंत गळतो ते धरलंय का?"

"नाही."

"आन् कागदावरच्या खेपा?"

"त्या धरल्या तर पन्नास वर्षांतच संपंल."

लाँचवाला पोरगा आता कान देऊन ऐकत होता. आक्काचं कन्नड आणि आमचं बोलणं ऐकून त्याने विचारलं, "तुम्ही कर्नाटकचे काय?"

हा प्रश्न जतकराला विचारू नये. त्याला एका शब्दात उत्तर नाही. आमच्याकडे पूर्व भागात घरात कन्नड, शाळेत मराठी, बाजारात दोन्ही आणि भांडणात जे आधी तोंडात येईल ते. २०१२ साली तालुक्यातल्या चाळीसेक गावांनी पाणी द्या नाहीतर कर्नाटकात जातो असे ठराव केले होते. तेव्हा कुणी फार मनावर घेतलं नाही. दहा वर्षांनी, २०२२ च्या नोव्हेंबरात, कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांना ते ठराव आठवले आणि त्यांनी जतवर हक्क सांगितला. त्याबरोबर मुंबईलाही जत आठवलं. म्हैसाळच्या विस्तारित योजनेची, पाण्यापासून वंचित राहिलेल्या पासष्ट गावांची, एकदम चर्चा सुरू झाली. आजवर जतच्या पाण्यासाठी मोर्चे झाले, उपोषणं झाली, पण सगळ्यात लवकर गुण आला तो शेजाऱ्याने मागणी घातल्यावर. मुलगी लग्नाची झाली हे बापाला कधी कधी पाहुणे आल्यावरच कळतं.

तात्यांनी त्याला एवढंच सांगितलं, "आम्ही सांगली जिल्ह्याचं. पण पाणी बघून ठरवू."

मग पोराने मार्गदर्शकाची भूमिका घेतली. हात करून म्हणाला, धरण तिकडं दक्षिणेला. त्याच अंगाला डोंगराच्या पोटातून बोगदे आहेत. पाणी बोगद्यांतून खाली पोफळीला पडतं, त्यावर वीज होते, मग ते चिपळूणकडे वाशिष्ठीत जातं.

"आन् वाशिष्ठी?"

"समुद्राला."

लाँचवर शोककळा पसरली. आक्काने गालाला बोटं लावली. कृष्णा पाणीतंट्याच्या बच्छावत लवादाने पश्चिमेला वळवायच्या पाण्यावर ६७.५ टीएमसीची मर्यादा घालून दिली आहे हे गुरुजींनी सांगितलं, पण तो आकडा ऐकून मंडळींचं दुःख कमी व्हायच्या ऐवजी मोजता येऊ लागलं. तात्या तर मनात टँकर धरायला लागले असावेत, त्यांचे ओठ हलत होते.

"ऐका तरी पुढं," गुरुजी म्हणाले. वर्गात मागच्या बाकावर गोंधळ झाला की काढायचा आवाज त्यांनी काढला. धरणातून पूर्वेला सोडलेलं पाणी कोयनेतून कराडला जातं, प्रीतिसंगमात कृष्णेला मिळतं, कृष्णेतून सांगलीवरून म्हैसाळला येतं. तिथं पंप ते उचलतात, टप्प्याटप्प्याने वर चढवतात आणि कालव्यात सोडतात. आपल्या पश्चिम भागात येतं ते पाणी यातलंच. आणि पंपांना वीज लागते. वीज कुठून येते? पोफळीला पाणी पडतं तिथंही होतेच की. म्हणजे इथलं एक पाणी कोकणात उडी मारतं म्हणून दुसरं पाणी जतला चढतं.

तात्यांनी यावर बराच वेळ विचार केला. लाँच उघड्या पडलेल्या तांबड्या काठाला समांतर चालली होती. शेवटी ते म्हणाले, "म्हणजे हे आपलं बी हाय."

"थोडं."

"थोडं म्हंजे किती?"

पण तोवर लाँच किनाऱ्याला लागली होती.

दोन्ही पोरं वासोटा चढायला गेली. हे आता कोयना अभयारण्य आणि सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचं जंगल, त्यामुळे वनखात्याची परवानगी लागते आणि संध्याकाळच्या आत परत यावं लागतं. जंगलात कचरा राहू नये म्हणून प्लास्टिक तपासतात. जन्मभर टीएमसी मोजत आलेल्या तालुक्यातल्या पोरांच्या पाण्याच्या बाटल्या इथं सरकारी माणसाने मोजून घेतल्या. वासोट्यावर १८१८ पर्यंत दोन इंग्रज अधिकारी कैदेत होते, किल्ला पडला तेव्हा सुटले, असा इतिहास आहे. पोरांनी तो वाचला की नाही कोण जाणे. त्यांनी कड्यावर उभं राहून बावीस फोटो पाठवले, त्यात किल्ला एकात होता.

आम्ही पलीकडच्या काठावरच्या एका वाडीत भाकरी सोडली. सहलीतला खरा भाग हा. ज्या घराच्या पडवीत बसलो त्या घरची मावशी डोक्यावर हंडा, काखेत कळशी घेऊन डोंगराच्या बाजूने आली. तलावाच्या बाजूने नाही. आक्काच्या नजरेतून हे सुटलं नाही.

"मावशी, पाणी कुठलं आणता?"

"वर झरा हाय. आता बारीक झालाय. तासभर बसलं की कळशी भरती."

"आन् हे एवढं?" आक्काने तलावाकडे हात केला.

मावशी हसली. "ते धरणाचं. ते चढवायचं कुणी?"

धरण उशाला आणि कोरड घशाला ही म्हण आम्ही हजारदा ऐकली होती. तिला पत्ता असतो हे माहीत नव्हतं. पाणी गढूळ, वाडी उंचावर, पाणी रोज खाली जाणारं, वीज आली तर येते. मावशीची सासरकडची निम्मी भावकी धरणात जमीन गेल्यावर सोलापूरकडे जमीन मिळून गेली. कोयनेचे धरणग्रस्त असे सोलापूर, सांगली, रायगड, ठाण्यापर्यंत पांगले आहेत. "तिकडं पाण्याचे लई हाल," मावशी म्हणाली. "धरणानं उठवलं आन् दुष्काळात बसवलं."

त्यानंतर जे झालं त्याला परिषदच म्हणावं लागेल. आक्काने पदर खोचला आणि सुरुवात केली. तांदूळ धुतलेलं पाणी भाजी धुवायला, भाजीचं भांड्याला, भांड्याचं जनावराला. झऱ्याच्या तोंडाशी मडक्याचा तुकडा असा तिरपा लावायचा, धार एका जागी येते. अंघोळ कशी बसून करायची, किती तांब्यात करायची. सणाला पाहुणे येणार असले तर दोन दिवस आधीपासून कुठलं पिंप झाकून ठेवायचं. मावशी ऐकत होती, मधेच स्वतःची युक्ती सांगत होती. कळशीच्या तळाशी निवळी फिरवायची, म्हणजे गाळ खाली बसतो. हे आक्कालाच काय, आमच्यापैकी कुणालाही ठाऊक नव्हतं. जगात पाण्याची भाषणं करणाऱ्या संस्था पुष्कळ आहेत. १०५ टीएमसीच्या काठावर बसून एका हंड्याचं अर्थशास्त्र एवढं नेमकं मांडणारी सभा मी दुसरी बघितली नाही.

निघताना तात्यांनी मावशीच्या हातात बेदाणे ठेवले आणि विचारलं, "तुमी ठराव का करत न्हाई?"

"कसला?"

"दुसऱ्या राज्यात जातो म्हणून. लगेच योजना येतीय."

मावशीने डोंगराकडे बघितलं. "हितनं कोकणात जाता येईल. पण त्ये बी महाराष्ट्रातच हाय."

तात्यांना उत्तर सुचलं नाही. असे प्रसंग दुर्मिळ.

परतताना लाँचवर डोक्याला रुमाल बांधलेले दोन गावकरी होते, शेळीचं एक करडू आणि गॅसचं सिलिंडर होतं. आम्ही सहल म्हणून केलेला प्रवास त्यांच्या रोजच्या बाजारहाटाचा. आमच्याकडे रस्ता आहे आणि पाणी नाही, त्यांच्याकडे पाणी आहे आणि रस्ता नाही. दोघांचा आमदार वेगळा, तक्रार मात्र एकमेकांना पुरवणी जोडावी अशी.

वर उत्तरेला तापोळा आहे. कोयना, सोळशी आणि कांदाटी यांचा संगम तिथं पाण्याखाली झालेला. महाबळेश्वरवरून पर्यटक तिकडे उतरतात आणि त्याला 'मिनी काश्मीर' म्हणतात. काश्मीरला कुणी मोठं तापोळा म्हणत नाही, यावरून व्यवहार कळतो. तिथं तराफ्यावर गाडीसुद्धा पलीकडे नेतात म्हणतात. तात्यांनी ऐकून एकच विचारलं, तराफ्यावर टँकर चढतो का.

तुम्हीही बामणोलीला जा. पावसाळ्यानंतर तलाव तुडुंब असतो, फोटो सुरेख येतात, ते सगळेच बघतात. शक्य असेल तर मे महिन्यात जा. लाईफ जॅकेटचं बक्कल लागेपर्यंत लाँच सुटू देऊ नका, वासोट्याला जायचं तर परवानगी घ्या आणि उन्हं कलायच्या आत उतरा. आणि पलीकडच्या वाडीत कुणी जेवायला वाढलं तर हात धुवायला एका तांब्यापेक्षा जास्त पाणी मागू नका. तलाव समोर आहे, पण तांब्यातलं पाणी डोंगरावरून, डोक्यावरून आलेलं असतं.